जिभेवर ताबा आणि जाजमावरचा काटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावरचा पैलवानांच्या वजनावरचा लेख वाचला. रात्री वाचला तेव्हा फार राग आला म्हणून लिहायला बसले नाही. सकाळी परत वाचला, राग तेवढाच होता. आजच्या मुलांकडे ताकद आहे पण शिस्त नाही, जिभेवर ताबा असता तर शंभर ग्रॅमसाठी रडायची वेळ आली नसती, असं लेखकमहाशयांचं म्हणणं. भाषा छान आहे त्यांची. गटात बसायला वजन तोडणारी, म्हणजे उपाशी-तहानलेली राहून ते उतरवणारी पोरगी त्यांच्या घरात कधी नव्हती, एवढं मात्र ओळीओळीला कळतं.

माझ्या घरात आहे. आणि मी अंगणवाडी सेविका आहे, म्हणजे वजनकाटा हा माझा रोजचा धंदाच म्हणा. दर महिन्याला गावातली पोरं काट्यावर चढवायची, कुणाचं दोनशे ग्रॅम घटलं की त्याच्या आईच्या मागे लागायचं, घरी जाऊन खिचडीत तेल घालायला सांगायचं. आणि मागच्या वर्षी स्पर्धेआधीचे दहा दिवस मी संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या सोळा वर्षांच्या पोरीच्या ताटातली भाकरी उचलत होते. पहिल्यांदा भात बंद, मग दूध, मग मीठ, शेवटी पाणी. आदल्या रात्री तिने ओठ ओले करायला कापसाचा बोळा मागितला. जिभेवरच्या ताब्याबद्दल आम्हाला कुणी शिकवू नये.

विभागीय शालेय स्पर्धा, मुलींचा ४९ किलो गट. वजनं सकाळी आठला होणार असं पत्रकात छापलेलं. आम्ही पावणेसातला हजर. काटा आला साडेदहाला. तोवर पोरी दोन स्वेटर आणि वरून रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारत होत्या, च्युइंगम चघळून थुंकत होत्या. आमचीही त्यातच. काटा आला तो ठेवला जाजमावर! डिजिटल काटा मऊ जाजमावर ठेवला की खरं वजन दाखवत नाही, हे आम्हाला पहिल्या ट्रेनिंगला शिकवतात. अडीच वर्षांच्या पोराला तोलायचं असलं तरी आम्ही कडक, सपाट फरशी बघतो, काटा शून्यावर आहे का बघतो. मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, जाजम काढून ठेवा जरा." साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही बाहेर थांबा, ही अंगणवाडी नाही."

काट्याने ४९ किलो २५० दाखवलं. खरं किती होतं ते देवाला ठाऊक. अडीचशे ग्रॅमसाठी ती परत अर्धा तास पळाली, अंगात पाणी नाही तर घाम तरी कुठून यायचा? शेवटी ४८.९०० आलं आणि ती काट्यावरून उतरून तिथेच भिंतीला टेकून बसली. पहिली कुस्ती लागली दुपारी साडेचारला. सहा-दोन गुणांनी पुढे होती. शेवटचं मिनिट सुरू झालं, एकेरी पट काढायला, म्हणजे समोरचीचा एक पाय धरायला, खाली गेली आणि पोटरीत गोळा आला. समोरच्या मुलीने तशीच उलटी करून चितपट केली. तिचा काही दोष नाही, तिने कुस्ती केली. कोच मला म्हणाले, "ताई, पोरीचा स्टॅमिना कमी पडतोय, खुराक वाढवा." मी काही बोलले नाही. परतीच्या एसटीत पोरीने तीन लिटर पाणी प्यायलं.

आता ४९च का? तर आमच्याच तालमीची दुसरी मुलगी ५३मध्ये खेळते आणि एका तालमीच्या दोघी एका गटात नकोत, असं वस्तादांनी ठरवलं म्हणून. वस्ताद माणूस चांगला आहे, पोरींकडून फीसुद्धा घेत नाही. पण पोरीचं अंग ५२चं आणि तिला बसवली ४९मध्ये. विनेश फोगाटचं वेगळं काय झालं? तीही आधी ५३ला खेळायची. त्या गटातला ऑलिम्पिक कोटा, म्हणजे ऑलिम्पिकची जागा, अंतिम पंघालने आणली आणि विनेश ५०मध्ये उतरली. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकला पहिल्या दिवशी तीन कुस्त्या मारल्या, त्यातली पहिली त्या जपानच्या सुसाकीशी, जिला तोवर परदेशी पैलवानाने हरवलेलं नव्हतं. रात्रभर घाम काढला, केससुद्धा कापले. सकाळी शंभर ग्रॅम जास्त, फायनलआधीच बाद. वाळवलेलं अंग घोटभर पाणी मिळालं की ते धरून ठेवतं, हे विज्ञान आहे, हावरेपणा नव्हे.

त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतने सेमीफायनल हरल्यावर दहा तासांत ४.६ किलो उतरवले आणि ब्राँझ आणलं. तेव्हा काय कौतुक झालं! जिद्द म्हणाले, तपश्चर्या म्हणाले. तोच अमन पुढच्या वर्षी झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत १.७ किलो जास्त भरला आणि तेच लोक बेशिस्त म्हणायला लागले. उतरलं तर तपश्चर्या, नाही उतरलं तर जिभेचे चोचले. आणि अमनला त्या सेमीफायनलमध्ये हरवणारा जपानचा हिगुची? तो २०२१ साली ऑलिम्पिक पात्रतेच्या वेळी ५० ग्रॅमने बाहेर गेला होता. पॅरिसला त्याने ५७ किलोत गोल्ड घेतलं. त्याच्याकडे शिस्त मधल्या तीन वर्षांत आली काय?

लेखकांनी जुन्या पैलवानांचा दाखला दिलाय, ते कसे मणभर खायचे आणि तरी कधी वजनाची रड नव्हती. अहो, जत्रेच्या मैदानात काटाच नसतो! पंच डोळ्यांनी अंदाज घेऊन जोड लावतात. तिथे चार किलो इकडे-तिकडे झाले तर हलगीवाला काही थांबत नाही. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन राऊंड, ग्रॅमवर हिशेब आणि २०१८ पासून तर वजन कुस्तीच्याच दिवशी सकाळी होतं. पूर्वी आदल्या संध्याकाळी व्हायचं, रात्रभर खाऊन-पिऊन माणूस भरून यायचा. आता तो वेळ राहिला नाही, आणि आमच्याकडे रेनकोटाची पद्धत मात्र तशीच राहिली.

अजून एक. आपल्या पेपरात हे छापायला संकोच वाटणार असेल तर हा परिच्छेद गाळा. पाळीच्या आधी दोन-तीन दिवस बाईचं अंग पाणी धरतं, किलोभर सहज. त्या स्पर्धेच्या दिवशी माझ्या पोरीची तारीख दोन दिवसांवर होती. हे तिने कोचना सांगायचं कसं? टीमबरोबर बाई मॅनेजर होत्या, त्या प्रवासभत्त्याची बिलं भरत बसल्या होत्या.

माझा मुलगा मोबाइलवर शोधत असतो. त्याने दाखवलं, अमेरिकेत १९९७ साली सव्वा महिन्याच्या आत कॉलेजचे तीन पैलवान वजन तोडताना मेले. त्यानंतर तिथे घाम काढायचे रबरी सूट आणि सॉना, म्हणजे तापवलेल्या खोल्या, बंद केले. शाळेतल्या मुलांनाही सीझनच्या सुरुवातीला लघवी तपासून, अंगातली चरबी मोजून सांगतात की यापेक्षा खालच्या गटात तू उतरायचं नाही. आपल्याकडे लघवी नको, निदान काट्याखालचं जाजम काढा. पत्रकात आठ छापलंय तर आठला या. शिस्तीचा लेख त्या साहेबांवरही येऊ दे एकदा.

पोरगी आता ५३मध्येच खेळते. वस्तादांशी मी भांडले, पंधरा दिवस तालमीत बोलाचाली बंद होती. दोघी मैत्रिणी एका गटात आहेत, जिची कुस्ती होईल ती पुढे जाईल. स्पर्धेच्या दिवशी सकाळी वजन देऊन आली की डबा उघडते, भाकरी आणि मुगाची उसळ.

जाता जाता. त्याच पानावर मुलींच्या कुस्तीचा फोटो छापलाय आणि खाली लिहिलंय 'धोबीपछाड मारताना'. समोरचीचा दंड धरून, दुसरा हात तिच्या मांडीतून घालून अख्खी खांद्यावर आडवी घेतलीय, दिसत नाही का? त्याला कलाजंग म्हणतात. क्रिकेटमध्ये कव्हर ड्राइव्हला पुल लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी दिलगिरी छापली असती तुम्ही. मुलीचं नावही दिलेलं नाही. माझी नाही ती, पण कुणाची तरी आहे.

आपली,
एका पैलवान मुलीची आई,
ता. कवठेमहांकाळ, जि. सांगली