स्लाइस जमायची तर ओल सांभाळ

प्रिय माधवी,

फ्रूट अँड कोकोनट स्लाइस म्हणजे केक नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं कर. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पसरट टिनमध्ये भाजून तुकडे पाडायच्या पदार्थांना सरसकट ‘स्लाइस’ म्हणतात. खाली बिस्किटाचा थर, मध्ये जॅम, वर खोबरं आणि सुकी फळं. गोव्याच्या ‘बाथ’ नावाच्या केकशीही गल्लत नको. तिथे रवा आणि ओला नारळ एकत्र मुरतात, इथे ओल खाली उतरू द्यायची नाही.

8 इंची चौकोनी टिन घे. बटर पेपर दोन बाजूंनी बाहेर लोंबू दे, नाहीतर काढताना कपाळाला हात लावशील. 150 ग्रॅम मैदा, 40 ग्रॅम पिठीसाखर आणि 90 ग्रॅम थंड बटर बोटांच्या टोकांनी चोळ. नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, तेव्हा वेगळं मीठ नको. मुठीत दाबलं की मुटका वळावा, बोटाने ढकलला की फुटावा. वळतच नसेल तर चमचाभर थंड दूध. कणकेसारखं मळू मात्र नकोस. मैदा चिवट होतो आणि थर खुसखुशीत व्हायच्या ऐवजी कडक. वाटीच्या बुडाने सारखं दाब, काट्याने टोचे मार आणि ओव्हनमध्ये 180 अंश सेल्सिअसवर 15 मिनिटं, कडा सोनेरी होईपर्यंत भाज. हे आधी भाजणं टाळलंस तर वरच्या अंड्याची ओल मुरून खालचा थर गिच्च होणार. भाजलेल्या थरावर गरम असतानाच तीन चमचे घट्ट जॅम पसर.

वरच्यासाठी 2 अंडी आणि 90 ग्रॅम साखर नुसती एकजीव कर, फेस काढू नकोस. त्यात 120 ग्रॅम डेसिकेटेड कोकोनट, म्हणजे नारळाचा विकतचा कोरडा पांढरा चुरा, आणि तेवढीच फळं. घरातलं सुकं खोबरं किसून घालायचा मोह होईल, पण ते तेलकट आणि जरा जुनं असलं तर खवट लागतं. ओल्या नारळात जवळजवळ निम्मं पाणी असतं. तोच वापरायचा तर फक्त पांढरा भाग खोव, मंद आचेवर रंग न बदलता कोरडा कर आणि मग 120 ग्रॅम मोज.

फळांत बेदाणे आणि जर्दाळू उत्तम. बीवाले कडक जर्दाळू कोमट पाण्यात भिजवून, बी काढून, पुसून, बेदाण्याएवढे चीर. मोठे तुकडे सुरीबरोबर ओढले जातात. बाजारातली स्वस्त लाल ‘चेरी’ पुष्कळदा पाकवलेलं करवंद असते आणि टूटीफ्रूटी म्हणजे कच्ची पपई. चालतात दोन्ही, पाक टिपून घे म्हणजे झालं.

मिश्रण हलक्या हाताने पसर. वर डोकावणारे बेदाणे चमच्याने आत ढकल, ते जळून कडू होतात. मधल्या खणात 180 अंशांवर 25 मिनिटं. खोबरं भराभर लाल होतं, म्हणून पंधराव्या मिनिटाला डोकाव आणि गरज वाटली तर वर फॉइल टाक. मधोमध बोट टेकवल्यावर दबलं नाही की झालं.

वडी आपण गरम असताना कापतो, ही मात्र पूर्ण गार झाल्यावरच. घाई केलीस तर भुगा. तासभर फ्रिजमध्ये ठेव, मग मोठी सुरी सरळ खाली दाब, करवतीसारखी चालवू नकोस. दर कापाला ओल्या फडक्याने पूस. डब्यात चार दिवस राहते. ओला नारळ घातलास तर फ्रिजमध्येच ठेव आणि दोन दिवसांत संपव.

अंडं चालत नसेल तर अंडी-साखरेऐवजी 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क घे आणि वरचा थर 170 अंशांवर भाज, कडा लवकर लागतात.

तुझी,
शुभा