हेडफोन निवडायला शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

एक मजला उतरून हे तोंडानं सांगता आलं असतं. पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. ऑडिओबुकच्या संपादनासाठी दिवसचे दिवस कानाला हेडफोन लावून बसणारे माझ्यासारखे आता पुष्कळ आहेत, आणि तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

मी फक्त "कोणता घेऊ?" असं विचारलं होतं. तुम्ही एक नाव सांगितलं असतंत तरी मी आभारच मानले असते. तुम्ही मात्र स्वतःचे तीन ओपन-बॅक, म्हणजे कपांना बाहेरून उघडी जाळी असलेले, हेडफोन माझ्या टेबलावर आणून ठेवलेत: सेनहायझरचा एचडी ६००, बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो आणि हायफायमॅनचा सुंदारा. वर म्हणालात, "गाणी ऐकून ठरवू नकोस. तुझं रोजचं काम कर यांच्यावर."

काम सुरू करण्याआधी तुम्ही जे केलंत ते अजून डोळ्यांसमोर आहे. जाड पुठ्ठ्याला मधोमध भोक पाडलंत, त्यात आवाज मोजायच्या मीटरचं टोक बसवलंत, आणि त्यावर एकेका हेडफोनचा कप ठेवून पिंक नॉइज, म्हणजे चाचणीसाठीचा एकसारखा खळखळाट, वाजवलात. तिघांचाही आवाज एका पातळीवर येईपर्यंत अ‍ॅम्प्लिफायरचं बटण केसाएवढं इकडेतिकडे करत राहिलात, आणि प्रत्येकाची खूण बटणाशेजारी पेन्सिलीनं केलीत. का, तर दोन हेडफोनमध्ये एखाद-दोन डेसिबलचा फरक असला तरी मोठा वाजणारा आपल्याला 'चांगला' वाटतो. दुकानात उभ्या उभ्या केलेली तुलना का फसते, हे मला तेव्हा कळलं.

अ‍ॅम्प्लिफायरही तुमचाच. एचडी ६०० चा रोध ३०० ओहम, डीटी ९९० चा २५० ओहम. माझ्या लॅपटॉपला तेवढा व्होल्टेज देता येत नाही, म्हणून तिथे दोघंही निर्जीव वाजत होते. सुंदारा फक्त ३७ ओहमचा, तरीही दबलेलाच. नुसता ओहमचा आकडा बघून चालत नाही, हेडफोनची संवेदनशीलताही, म्हणजे तेवढ्याच विजेवर तो किती मोठा वाजतो तेही, बघावी लागते, हे तुम्ही तिथल्या तिथे दाखवलंत.

आता आवाजाचं. डीटी ९९० लावला की पहिल्यांदा कान हरखून जातात. सगळं लख्ख, धारदार, निवेदकाचे ओठ उघडल्याचासुद्धा आवाज येतो. पण त्यात उंच सुरांचा भाग, साधारण ८ किलोहर्ट्झच्या आसपास, जरा जास्तच मोठा वाजतो, आणि आपल्या भाषेतला 'स' नेमका तिथेच घाव घालतो. 'चूल', 'चमचा' यांतला दंत्य 'च' तर टोचतोच. तुम्ही एक वाक्य यावर आणि मग दुसऱ्या हेडफोनवर ऐकवलंत आणि सांगितलंत, "इथे 'स' टोचतो म्हणून तो कापशील, आणि ऐकणाऱ्याला बाई बोबडी वाटेल." माझ्यासारखीला याहून मोलाचा सल्ला कोणी दिला नसता. चुका शोधायला तो हेडफोन उत्तम. आवाजाला शेवटचा हात फिरवायला नाही, हे माझं ठाम मत झालं आहे.

सुंदारा वेगळ्याच जातीचा. त्यात कॉइल आणि शंकूऐवजी चुंबकांसमोर ताणलेला पातळ पडदा असतो, आणि तो सगळाच्या सगळा हलतो. खालचे सूर त्यात शेवटपर्यंत पोचतात. एका निवेदिकेच्या ध्वनिमुद्रणात तिचा गुडघा टेबलाला लागल्याचा बारीकसा 'धप्' होता. तो सुंदारावर स्वच्छ कळला, एचडी ६०० वर जेमतेम. ४०-५० हर्ट्झच्या खालची घरघर एचडी ६०० वर कानांवर सोडायची नाही, संगणकावरच्या आवाजाच्या आलेखावर बघायची, ही सवय तेव्हापासून लागली.

आणि एचडी ६००. १९९७ सालचा हेडफोन, दिसायला साधा. त्याच्यावर माणसाचा आवाज माणसाचा वाटतो, मी एवढंच म्हणेन. दोन निवेदकांच्या आवाजातला पोताचा फरक, थकल्यावर खाली बसलेला सूर, दोन दिवसांच्या मुद्रणातला सांधा हे सगळं मधल्या पट्टीत असतं, आणि ती पट्टी हा हेडफोन जशी आहे तशी देतो. आवाज आजूबाजूला पसरल्याचा भास, म्हणजे अवकाश, त्यात छोटा आहे, कबूल. पण एकट्या आवाजाला मैदान लागत नाही.

मी आवाजाबद्दल बोलत राहिले आणि तुम्ही विचारत राहिलात, "चार तासांनी कसं वाटतं?" सुंदारा ३७२ ग्रॅमचा, बाकीचे दोन्ही केबल सोडून अडीचशेच्या आसपास. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण संध्याकाळी माझी मान तो बरोबर सांगायची. डीटी ९९० सगळ्यांत मऊ: मखमली गोल गाद्या, चष्म्याच्या काड्या जाणवतही नाहीत. एचडी ६०० नवा असताना मात्र कानशिलं चेपतो. माझ्यासाठी नवा आणला तेव्हा तुम्हीच तो दोन जाडजूड शब्दकोशांवर रात्रभर ताणून ठेवलात, आणि काड्यांमागचं दुखणं गेलं. कानात कुड्या असतील तर काय, अंबाडा घातला तर पट्टी कुठे बसते, हे प्रश्नही तुम्ही विचारलेत. हेडफोनच्या एकाही परीक्षणात ते माझ्या वाचनात आले नव्हते.

उन्हाळ्यात रेक्झिनच्या बंद कपांखाली घामानं कान भिजतात. उघड्या जाळीमागे हवा खेळती राहते. स्वतःचा आवाजही डोक्यात घुमत नाही, त्यामुळे निवेदकाशी फोनवर बोलताना हेडफोन काढावा लागत नाही. पण जाळी दोन्हीकडून उघडी. तुम्ही माझ्या खोलीत शांत बसून वर पंख्याकडे बोट दाखवलंत. पंख्याची घरघर आत येते, ती झाकायला मी नकळत आवाज वाढवते, आणि दिवसभर वाढलेलाच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तुम्ही तेव्हा सांगितलीत: ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. माझं काम जवळपास तेवढ्याच तासांचं आहे. आता पंखा एकवर असतो आणि टेबल खिडकीपासून लांब. मुद्रण चालू असताना माइकजवळ मात्र बंद कपांचाच हेडफोन, नाहीतर त्यातला आवाज बाहेर झिरपून माइकमध्ये शिरतो.

काका, आयुष्यभर रेडिओसाठी ध्वनिमुद्रण करून कमावलेले कान तुम्ही मला वापरायला दिलेत. माझ्या निवेदकांचे आवाज आता त्यांच्या घरच्यांना ओळखीचे वाटतात. एकीच्या आईनं तसं आवर्जून कळवलं, आणि त्या कौतुकातला मोठा वाटा तुमचा आहे.

एक विनंती. तुमच्या एचडी ६०० च्या गाद्या पार चपट्या झाल्या आहेत. कान आतल्या जाळीला टेकतो आणि आवाजही बदलतो, हे तुम्हीच मला सांगितलंत. मी दोन जोड मागवले आहेत, एक माझा, एक तुमचा. रविवारी सकाळी येते. नुसत्या ओढून काढायच्या आणि दाबून बसवायच्या आहेत, पाच मिनिटांचं काम. काकूंना सांगून ठेवा, चहा घेऊनच जाईन.

तुमची,
वरच्या मजल्यावरची