भूल देण्याआधी घरातलं ते जुनं मरण सांगा

संपादक साहेब,
स.न.

मी रिटायर्ड ओटी सिस्टर, नोकरीतली ८ वर्षं मस्कतला काढली. परवा शेजारच्या वहिनी सांगत होत्या, दिराच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, आणि बोलता बोलता म्हणाल्या की आमचे सख्खे चुलत सासरे अपेंडिक्सला गेले ते भुलेतून उठलेच नाहीत, अंग म्हणे तव्यासारखं तापलेलं. डॉक्टरांना सांगितलंत का विचारलं तर म्हणे, ३० वर्षांपूर्वीचं ते, आणि ऑपरेशनच्या तोंडावर असलं अभद्र कशाला बोलायचं.

अहो, हेच तर सांगायचं असतं! मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात त्याला, रक्तातून येतो, आई किंवा बापात दोष असेल तर मुलात यायची शक्यता निम्मी. एरवी माणूस ठणठणीत, पण सेवोफ्लुरेनसारखा भुलेचा गॅस किंवा स्नायू सैल करणारं स्कोलीनचं इंजेक्शन गेलं की स्नायूंतलं कॅल्शियम मोकाट सुटतं, अंग आखडतं आणि स्नायूच उष्णता ओतत राहतात, तिथे पॅरासिटामॉल काय करणार. ताप बऱ्याचदा उशिरा कळतो, आधी मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइड चढतो, नाडी पळते, कधी जबडा घट्ट बसतो. (ऑपरेशननंतरचा प्रत्येक ताप म्हणजे हा नव्हे, उगाच घाबरू नका.)

गॅस बंद, पूर्ण ऑक्सिजन, थंड सलाईन, बर्फ हे सगळं करायचंच, पण खरं औषध एकच, डॅन्ट्रोलिन. मस्कतला आम्ही एक्सपायर झालेल्या बाटल्या घेऊन सराव करायचो, २० मिलीग्रॅमची एक बाटली, त्यात ६० मिली पाणी, आणि ती केशरी पावडर काही केल्या विरघळत नाही, ७० किलोच्या माणसाला पहिल्या डोसलाच ९ बाटल्या लागतात, तिघी जणी नुसत्या हलवत बसायचो, मनगटं भरून यायची. महाग औषध, छोट्या हॉस्पिटलला एकट्याने ठेवणं जड जातं, मग गावातल्या चार हॉस्पिटलांनी मिळून साठा ठेवायला काय हरकत आहे?

हा आजार कळला तोसुद्धा एका पेशंटने तोंड उघडलं म्हणून. मेलबर्नमधला पाय मोडलेला तरुण, त्याला पायापेक्षा भुलेचीच जास्त भीती, कारण घरातली १० माणसं ईथर या जुन्या भुलेच्या औषधाने गेलेली. १९६० मध्ये डेनबरो आणि लव्हेल या डॉक्टरांनी ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं.

आपल्याकडे चेकअपला बीपी आहे का, शुगर आहे का विचारतात, त्याच फॉर्मवर ठळक मराठीत एक ओळ टाका ना, घरात कुणी भुलेत दगावलंय का?

एक निवृत्त सिस्टर, सातारा