मशीन उघडण्याआधी

अमरावती,
दि. ११ मे

चि. सौरभ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू सांगितलेस की कपडे धुण्याच्या मशीनमध्ये पाणी तसेच साठून राहिले आहे, ओले कपडे आत अडकले आहेत, दार उघडत नाही आणि मिस्त्रींनी मशीन न पाहताच ‘बोर्ड (मशीनची सगळी कामे चालवणारी आतली इलेक्ट्रॉनिक पाटी) गेला असेल’ असे सांगून टाकले आहे. ताईला सोडून मला आणि बाबांना इतक्यात नागपूरला परतता येणार नाही, आणि मे महिन्याच्या त्या उन्हात ऑफिसमधून आल्यावर तू बादलीत कपडे बडवत बसावेस हे मला पटत नाही. फोनवर अशा गोष्टी अर्धवट ऐकल्या जातात, म्हणून सविस्तर लिहिते आहे. लिहून झाले की ताई या पानांचे फोटो तुला व्हॉट्सॲपवर पाठवेल. ते एकदा पूर्ण वाच आणि मगच मशीनला हात लाव.

नवीन मशीन घेऊन टाकू का, असेही तू विचारलेस. बिघाड कोठे आहे हेच अजून आपल्याला ठाऊक नसताना त्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. कोणतेही वॉशिंग मशीन चारच कामे करते: पाणी घेते, कपडे घुसळते, पाणी सोडते आणि कपडे पिळते. यातले प्रत्येक काम आधीचे पुरे होण्याची वाट पाहते. पाणी बाहेर गेले नाही तर पिळणे सुरू होत नाही, आणि पाण्याची पातळी खाली आली नाही तर दाराचे कुलूपही सुटत नाही. म्हणजे तू सांगितलेल्या तीन तक्रारी मुळात एकच आहे, आणि ती पाणी सोडण्यापाशी आहे. बटणे दाबल्यावर दिवे लागत आहेत, पाणी नीट भरले गेले, कपडे घुसळले गेले, हे सगळे बोर्डच करवतो. त्यामुळे बोर्डावरचा संशय सर्वांत शेवटी यायला हवा.

सुरुवात अशी कर. आधी स्विच बंद करून प्लग भिंतीतून पूर्ण बाहेर काढ आणि नळाची तोटी बंद कर. नुसत्या स्विचवर विश्वास ठेवू नकोस, प्लग डोळ्यांसमोर बाहेर लोंबताना दिसला पाहिजे. पाणी गरम असेल तर ते निवू दे. मशीनच्या पुढच्या बाजूला खाली उजव्या कोपऱ्यात एक लहान चौकोनी झाकण आहे. ते नखाने किंवा चमच्याच्या टोकाने उघडते. आत एक बोटाएवढी काळी नळी आणि तिच्याशेजारी गोल, मुठीत मावेल असे प्लास्टिकचे बूच दिसेल. ते बूच म्हणजेच पंपाची चाळणी. तिला आधी हात लावू नकोस, कारण दाराच्या काचेपर्यंत साठलेले सगळे पाणी एकदम खोलीभर होईल. स्वयंपाकघरातली बसकी परात खाली सरकव, काळ्या नळीचे टोपण काढ आणि पाणी परातीत येऊ दे. परात भरली की टोपण लावायचे, परात मोरीत रिकामी करायची आणि पुन्हा तेच. याला वेळ लागतो, पण कंटाळून मध्येच चाळणी फिरवू नकोस. नळीतून थेंब थेंब पडू लागले की खाली पोछा अंथर आणि चाळणी डावीकडे सावकाश फिरवून बाहेर ओढ.

तिच्यावर काळपट, बुळबुळीत लगदा गुंडाळलेला असेल. त्यात बहुतेक वेळा मोज्यांचे धागे, केस, कागदाचा भुगा, एखादे बटण किंवा नाणे निघते. तुझ्या पँटच्या खिशात पावत्या राहतात हे मला माहीत आहे. कागद पाण्यात विरघळून जातो असे वाटते, पण त्याचा लगदा होऊन तो नेमका येथे येऊन बसतो. चाळणी जुन्या टूथब्रशने नळाखाली धू. मग टॉर्च घेऊन त्या पोकळीत आत पाहा. टोकाला पंपाचा छोटा पंखा दिसेल. एक बोट घालून तो फिरवून पाहा. तो पंख्यासारखा सरसर फिरणार नाही, अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरेल, कारण त्याच्या मोटरीत लोहचुंबक असतो. ते अडखळणे बिघाडाचे लक्षण नाही. अजिबात हलत नसेल तर मात्र त्याच्या मुळाशी केस किंवा धागा गुंडाळला गेला आहे का ते बघ आणि चिमट्याने काढ. हाताला टाचणी किंवा तुटलेल्या ब्लेडचा तुकडा लागू शकतो, म्हणून बोट आधी घालू नकोस, टॉर्च आधी.

चाळणी परत लावताना तिचे आटे सरळ बसले पाहिजेत. वाकडी बसली तर पुढच्या धुण्याला तेथूनच गळती लागते. काळ्या नळीचे टोपण लावलेस ना, तेही पाहा. मग साबणाच्या कप्प्यातून दोन मग पाणी ओत, चाळणीभोवती कोरडे आहे ना ते बोट फिरवून बघ, आणि मगच प्लग लावून फक्त पाणी काढण्याचा व पिळण्याचा कार्यक्रम लाव. दार लगेच उघडले नाही तर ओढाताण करू नकोस. काही कुलपे उष्णतेवर चालतात आणि ती सुटायला एक-दोन मिनिटे लागतात. जोर लावला की कडी तुटते आणि नसलेला खर्च येतो.

एवढे करूनही पाणी गेले नाही, तर पंपाचा आवाज ऐक. पंप घुरघुरतो आहे पण पाणी हलत नाही, असे असेल तर अडथळा पुढे, मागच्या जाड नळीत आहे. मशीन भिंतीकडे ढकलताना ती नळी चेपली जाते, किंवा मोरीच्या पाइपात ती इतकी खोल खुपसलेली असते की तिचे तोंडच बंद होते. मशीनखाली टॉर्च मारून उंदराने कोठे कुरतडले आहे का तेही बघ. आपल्या मागच्या बोळातून ते खालच्या मोकळ्या जागेत येतात आणि नळीबरोबर तारांनाही सोडत नाहीत. आणि पंपाचा काहीच आवाज येत नसेल, तर तेथे आपले काम संपले. मिस्त्रींना बोलव आणि नम्रपणे एवढेच सांग की पंपाच्या टोकांपर्यंत वीज पोहोचते आहे का ते आधी मीटरने मोजून दाखवा. वीज पोहोचत असेल आणि पंप फिरत नसेल तर दोष पंपाचा आहे. पोहोचत नसेल तर मधली तार पाहायची, आणि तीही धड निघाली तर मग बोर्डाबद्दल बोलता येईल. हा क्रम चुकवून कोणी थेट बोर्ड बदलायला निघाले तर पैसे देऊ नकोस.

मागच्या नळीविषयी आणखी एक गोष्ट. आपल्या पुढून दार असलेल्या मशीनमध्ये ती जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर अडकवलेली असावी लागते. ती खाली घसरून जमिनीवर पडली तर भरलेले पाणी आपोआप ओढले जाऊन वाहत राहते, आणि मशीन तासभर पाणीच घेत बसते. शेजारच्या काकूंच्या वरून झाकण असलेल्या मशीनला मात्र पंप नाही, त्यात पाणी नुसत्या उताराने जाते. तेथे नळी जमिनीलगतच हवी, उंच बांधली की पाणी अडते. त्यांनी आपले पाहून त्यांची नळी वर बांधायला सांगितली तर बांधून देऊ नकोस.

आता पाण्याचा विषय, कारण आपल्या घरातल्या निम्म्याहून अधिक कटकटी त्यातूनच येतात. उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत पेंच धरणाच्या पाण्याबरोबर बोअरचे पाणी सोडतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असे म्हटले आहे. बोअरचे पाणी कसे असते हे पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. आपल्या कूलरचे गवत मे अखेरीस कसे पांढरे आणि कडक होते ते बघ. तोच क्षार मशीनमध्ये हीटरच्या नळीवर बसतो, आणि पाणी तापवले की तो पाण्यातून अधिक वेगाने वेगळा होतो. मग हीटरला तीच ऊब द्यायला जास्त वेळ लागतो, कपडे राठ होतात, आणि साबण कमी पडतो असे वाटून आपण आणखी साबण घालतो. त्याचा फेस वाढतो, फेसामुळे पिळणे मध्येच थांबते आणि कधी तो साबणाच्या कप्प्यातून बाहेर येतो. म्हणून साबण वाढवू नकोस, आणि बादलीत कपडे भिजवायची साधी पावडर तर या मशीनमध्ये अजिबात घालू नकोस.

क्षार काढण्यासाठी किराणा दुकानातून लिंबूसत आण. साधारण १०० ग्रॅम रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० अंशांचा कार्यक्रम लाव. उन्हाळ्यात हे दर दोन-तीन महिन्यांनी करायला हवे. त्या वेळी पांढरे कपडे उजळायचे ब्लीच मशीनमध्ये मुळीच असू देऊ नकोस. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो फार घातक आहे. पाणी जेथून मशीनमध्ये शिरते तेथे, मागच्या नळीच्या आट्यांच्या आत, टोपीएवढी एक बारीक जाळी असते. पाणी भरायला फार वेळ लागू लागला की तोटी बंद करून नळी सोड आणि जाळी पक्कडीने हलकेच बाहेर ओढून लिंबूसताच्या पाण्यात भिजव. जाळी स्वच्छ असूनही पाणी हळूच येत असेल, तर दोष दाबाचा आहे. आपला मजला सर्वांत वरचा. पुष्कळ मशीनना किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतले पाणी सुमारे तीन मीटर वर हवे, आणि टाकी अर्धी झाली की आपल्याकडे तेवढे अंतर उरत नाही. अशा वेळी टाकी भरल्यावर सकाळी कपडे लावावेत, दुसरा उपाय शोधू नये.

पिळताना मशीन धडधडून पुढे सरकते म्हणालास, ते बहुतेक एकट्या जाड चादरीमुळे. चादरीबरोबर दोन-चार हलके कपडे टाक, आणि चारही पाय जमिनीला सारखे टेकले आहेत का ते मशीनचे कोपरे आळीपाळीने दाबून बघ. धडधड नसून पिळताना विमानासारखी घरघर वाढत गेली तर ती बेअरिंगची असते. ते काम घरी करू नये, कारण त्यासाठी ड्रम पूर्ण बाहेर काढावा लागतो.

महाल भागातल्या मावशीचे सेमी-ऑटोमॅटिक मशीन नुसते गुणगुणते आणि तळाची कपडे घुसळणारी चकती फिरत नाही, म्हणून तिने तुला रविवारी बोलावले आहे. प्लग काढून चकती हाताने फिरव. ती अडली असेल तर मधला स्क्रू काढून चकती वर उचल; खाली रुमाल किंवा लहान मोजा निघेल. ती मोकळी फिरत असेल तर मागचा पट्टा सैल झाला असेल किंवा कपॅसिटर (मोटरीला फिरायला जोर देणारा विजेचा सुटा भाग) उतरला असेल. पट्टा तू पाहू शकतोस. कपॅसिटरला मात्र हात लावायचा नाही. प्लग काढल्यानंतरही त्यात वीज साठलेली राहते आणि जोराचा झटका बसतो. तो मिस्त्रीच बदलतील, आणि जुन्यावर जितके मायक्रोफॅरड (त्याच्या क्षमतेचे माप) छापलेले असतील तितक्याचाच नवा बसवला पाहिजे.

मावशीकडे आणखी एक गोष्ट तपास, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ओल्या हाताने मशीनला हात लावला की मुंग्या येतात असे ती मागे म्हणाली होती. जुन्या वाड्यातल्या वायरिंगमध्ये तिसऱ्या पिनेला अर्थिंग जोडलेलेच नसण्याची शक्यता आहे. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेईपर्यंत आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवेपर्यंत तिला ते मशीन लावू देऊ नकोस, ती कितीही नाही म्हणाली तरी. आपल्या घरीही मशीन त्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरच राहू दे. हीटर दोन हजार वॅटचा असला तर २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतो. कूलरसाठी जागा हवी म्हणून मशीन सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शनवर नेलेस तर ते वितळेल.

चाळणीतून काय निघाले आणि पंपाचा आवाज कसा येतो, ते मला आज रात्रीच कळव. त्यावरून मिस्त्रींना बोलवायचे की नाही ते ठरवू. आत अडकलेले कपडे निघाले की आधी साध्या पाण्यातून काढ, त्यांना वास लागला असेल.

तुझी,
आई