झाडे पडली की पाडली?

महोदय,

आपल्या अंकात परवा तिसऱ्या पानावर मथळा होता, 'रुंदीकरणात वडाची सात झाडे पडली'. मी पोलीस खात्यात हवालदार होतो आणि निम्मी नोकरी ठाण्याच्या टेबलावर फिर्यादी लिहिण्यात गेली. असे वाक्य घेऊन कोणी आला असता तर पेन खाली ठेवून विचारले असते, "पडली? वाऱ्याने का करवतीने? करवत कोणाच्या हातात होती?"

मराठीत क्रियापदांच्या जोड्याच आहेत. पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, जळणे-जाळणे. पहिल्यात करणारा नसला तरी भागते, दुसरे वापरले की 'कोणी?' विचारावेच लागते. फिर्यादी सांगायचा, दुकानाची काच फुटली. आम्ही लिहायचो, 'अज्ञात इसमाने दगड मारून फोडली'. नाव ठाऊक नसले तरी इसम हवाच.

माझी नात एमपीएससीसाठी मो. के. दामल्यांचे १९११ सालचे मराठी व्याकरण वाचते. तिने पाणिनीचे सूत्र सांगितले, 'स्वतन्त्रः कर्ता'. त्या क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. मग 'भरधाव ट्रकने तिघांना चिरडले' हे कसे? ट्रकला कसले स्वातंत्र्य? घोळ असा की आपल्याकडे करणाऱ्यालाही 'ने' आणि हत्यारालाही 'ने': चोराने चाकूने भोसकले. त्यामुळे ट्रक कर्त्याच्या खुर्चीत बसतो आणि ड्रायव्हर उसातून पसार. आमच्या वेळी बेदरकार गाडी चालवणे आणि निष्काळजीपणाने मृत्यू यांना दंड संहितेची कलमे २७९ आणि ३०४ अ लागायची, आता नव्या न्याय संहितेत २८१ आणि १०६. लागतात चालकालाच, ट्रकला नाही.

नात म्हणाली, "आजोबा, जुने वैयाकरण 'स्थाली पचति', म्हणजे पातेले शिजवते, हेही चालवून घेतात. कर्ता कोणाला करायचे ही बोलणाऱ्याची इच्छा." असेल. मग वडांच्या बातमीत इच्छा कोणाची चालली, वार्ताहराची की कंत्राटदाराची? आणि पाणिनीच्या लेखी करवून घेणाराही कर्ताच. तेव्हा मजुराने पाडली, कंत्राटदाराने पाडून घेतली आणि परवानगीवर सही कोणाची, हेही छापता आले असते.

मीही धुतल्या तांदळाचा नाही. कोर्टात नेताना एक आरोपी एसटी स्टँडवरच्या गर्दीत पळाला. मी अहवालात लिहिले, 'आरोपी ताब्यातून निसटला'. साहेबांनी लाल पेनाने खोडून वर लिहिले, 'हवालदाराने सोडला'. मी हुज्जत घातली, मुद्दाम कोण सोडतो? शेवटी 'हवालदाराच्या हातून सुटला' यावर मिटले. पगारवाढ तेवढी रोखली गेली. (रोखली साहेबांनीच.)

सात वडांबाबत निदान 'कोणाच्या हातून' एवढे तरी छापावे.

आपला,
एक निवृत्त हवालदार, कराड
(नाव छापू नये)