विषय: दोन्ही हॉर्न बदलूनही गाडी मुकीच, एअरबॅगचा दिवा चालूच

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला आणि लगेच हे लिहायला बसले. गाडीचा नंबर, चासी नंबर, जॉब कार्ड सगळं तुमच्या सिस्टीममध्ये आहे. दर वेळी मलाच पुन्हा विचारतात, तो भाग वेगळा.

तक्रार एवढीच: स्टिअरिंगवर दाबलं की हॉर्न वाजत नाही. चावीवरचं पॅनिक बटण दाबलं की तोच हॉर्न गल्ली डोक्यावर घेतो. गाडी तुम्ही बनवलीत, याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. पण तुमच्या सर्व्हिस सेंटरला सांगावा लागला आणि सांगूनही कळला नाही, म्हणून लिहिते. चावीने हॉर्न वाजतो, म्हणजे फ्यूज ठीक, हॉर्नला वीज सोडणारा स्विच म्हणजे रिले ठीक, हॉर्न ठीक, त्याचं अर्थिंगही ठीक. मी बॉनेट उघडून फ्यूज बॉक्समधल्या रिलेवर बोट ठेवून पाहिलं. चावीचं बटण दाबलं की रिले बोटाखाली टिकटिकतो. घरच्यांना स्टिअरिंगवर दाबायला सांगितलं, तर ढिम्म. म्हणजे बटणाचा निरोप रिलेपर्यंत पोचतच नाही. भरीला स्टिअरिंगवरची आवाज कमीजास्त करायची बटणंही त्याच दिवशी बंद पडली आणि डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा तेव्हापासून विझलेला नाही. या तिन्हींच्या तारा स्टिअरिंगखालच्या ज्या एका भागातून जातात, त्याला तुमचेच मेकॅनिक क्लॉक स्प्रिंग म्हणतात.

एवढं सगळं समोर असताना तुमच्या वर्कशॉपने काय केलं? हॉर्न बदलले. दोन्ही. हाय टोन आणि लो टोन एकाच क्षणी जळाले, असं निदान झालं आणि बिल माझ्या हातात पडलं. दिवा लागत नाही म्हणून बल्बमागून बल्ब बदलायचे आणि भिंतीवरच्या बटणाकडे बघायचंच नाही, असा हा प्रकार. नवे हॉर्नही उत्तम वाजतात. चावीने. जुने परत मागितले तर म्हणे स्क्रॅपमध्ये गेले.

आता मूळ मुद्दा. हे सुरू होण्याआधी स्टिअरिंगच्या दांड्यातला (कॉलममधला) खडखडाट काढायला तुमच्याच वर्कशॉपने स्टिअरिंग व्हील उतरवून पुन्हा बसवलं होतं. जॉब कार्डवर नोंद आहे. क्लॉक स्प्रिंगमध्ये चपटी केबल गुंडाळलेली असते, ती बरोबर मध्यावर आणून बसवावी लागते. तशी बसवली नाही तर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की केबल ताणली जाते आणि तुटते. गाडी घरी आणल्यावर पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं, आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि त्यानंतर हॉर्न गेला. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचं म्हणणं, ही वापराने होणारी झीज आहे, वॉरंटीत बसत नाही. वापर कोणाचा, माझा की तुमच्या मेकॅनिकचा?

आजचा फोन मात्र जपून ठेवण्यासारखा आहे. तुम्ही तो रेकॉर्ड करताच, एकदा ऐका. आधी मला विचारलं, “मॅडम, हॉर्न दाबताना नक्की कुठे दाबता?” म्हटलं, जिथे हॉर्नचं चित्र काढलंय तिथे. “मधोमध, थोडं जोर लावून दाबून बघा ना.” ज्या झाकणामागे एअरबॅग आहे आणि जिचा दिवा चालू आहे, त्यावर जोर लावायचा सल्ला कंपनी देते आहे! मी क्लॉक स्प्रिंगचं नाव घेतलं. पलीकडे शांतता, मग की-बोर्डचा आवाज, मग उत्तर, “मॅडम, हा म्युझिक सिस्टीमचा पार्ट आहे का?” नाही म्हटलं. मग गाडी बंद करून पुन्हा चालू करून झाली का, म्हणून विचारलं. झाली. मग सगळ्यात कडी, “पण मॅडम, हॉर्नशिवाय गाडी चालते आहे ना? मग मी तक्रार ‘तातडीची नाही’मध्ये टाकते.” आणि फोन ठेवता ठेवता, “आजच्या सेवेला ५ पैकी किती गुण द्याल?”

त्या मुलीवर माझा राग नाही. तिच्यासमोर जो कागद ठेवलाय तो लिहिणाऱ्यावर आहे. तातडीची नाही? वळणावर समोरून येणाऱ्याला मी खिडकीतून हाक मारू का? आणि एअरबॅगचं काय? ती केबल तुटली असेल तर धडकेच्या वेळी चालकाची एअरबॅग उघडणार नाही. तुमच्या अ‍ॅडव्हायझरने त्या दिव्याबद्दल “तो सेन्सरचा असतो, दुर्लक्ष करा” म्हणून सांगितलं. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावलाच नाही. लावला असता तर चालकाच्या एअरबॅगच्या सर्किटचा कोड दिसला असता आणि माझे हॉर्न वाचले असते. मी स्वतः ते उघडत नाही, कारण आधी बॅटरीची तार काढून थोडा वेळ थांबावं लागतं आणि तरीही ते शिकलेल्या माणसाचंच काम आहे. तो शिकलेला माणूस तुमच्याकडे असेल, असं मी धरून चालले होते.

वडिलांपासून आमच्या घरात तुमच्याच गाड्या आहेत. पुढची नसेल.

क्लॉक स्प्रिंग विनामूल्य बदला, एअरबॅगचा कोड काढून तपासणीचा अहवाल द्या आणि न बिघडलेल्या दोन हॉर्नचे पैसे परत करा. गाडी मी चालवत आणणार नाही, टो करून न्या. पंधरा दिवसांत झालं नाही, तर जॉब कार्ड, बिल आणि चावीने वाजणाऱ्या हॉर्नचा व्हिडिओ घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

एक ग्राहक
(सध्या तरी)