सुधाकरला पत्र : पीटर स्नेल आणि आपले शेवटचे शंभर मीटर

दारव्हा,
२३ नोव्हेंबर

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दिवाळीनंतर मिळाले, पण कापूस वेचणीला मजूर मिळेनात म्हणून कॉलेज सुटल्यावर मलाही शेतात उभे राहावे लागत होते आणि उत्तर लांबले. या वयात एम. एस्सी.ला बसणे म्हणजे लोकांकडून हसू करून घेणे आहे, असे तू लिहिले आहेस. त्यावर मी लिहायला घेतलेले पहिले पत्र वर्गात फळ्यासमोर बोलल्यासारखे झाले, म्हणून फाडून टाकले. आज दुसऱ्याच एका माणसाविषयी लिहितो. गेला महिनाभर मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचतो आहे आणि वाचताना पानोपानी तुझी आठवण येते आहे.

पीटर स्नेल हे नाव तू ऐकले असशील. १७ डिसेंबर १९३८ रोजी न्यूझीलंडमधल्या ओपुनाके या लहानशा गावी त्याचा जन्म झाला. शाळेत त्याला टेनिसचे वेड होते. विशीच्या आसपास तो आर्थर लिडियार्ड नावाच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली आला. लिडियार्डजवळ कोणतीही पदवी नव्हती. तो बुटांच्या कारखान्यात काम करी, दुधाचा रतीब घाली आणि उरलेल्या वेळात मुलांना पळवी. त्याची पद्धत ऐकून तेव्हाचे जाणकार हसत, कारण ८०० मीटर धावणाऱ्या मुलालासुद्धा तो आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर पळायला लावी आणि दर रविवारी डोंगरातला ३५ किलोमीटरचा एक फेरा पूर्ण करवून घेई.

दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी दोन-अडीच तास पळायचे! आपल्या सरांनी हे ऐकले असते, तर शिट्टी फेकून मारली असती.

पण १९६० साली रोमच्या ऑलिम्पिकमध्ये हाच एकवीस वर्षांचा, फारसा कोणाला ठाऊक नसलेला दणकट पोरगा शेवटच्या काही मीटरमध्ये आतल्या बाजूने पुढे सरकला आणि विश्वविक्रम नावावर असलेल्या बेल्जियमच्या रॉजर मोन्सला मागे टाकून ८०० मीटरचे सुवर्णपदक घेऊन गेला. चार वर्षांनी टोकियोत त्याने ८०० आणि १५०० अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. त्यानंतर एकाही पुरुष धावपटूला एकाच ऑलिम्पिकमध्ये ही जोडी साधलेली नाही. मला मात्र पदकांपेक्षा १९६२ चे विक्रम अधिक भावले. २७ जानेवारीला वांगानुई येथे त्याने एक मैल ३ मिनिटे ५४.४ सेकंदांत आणि पुढच्याच आठवड्यात क्राइस्टचर्चला ८०० मीटर १ मिनिट ४४.३ सेकंदांत पूर्ण केले. हे दोन्ही विश्वविक्रम गवताच्या मैदानावर झाले. त्यातला ८०० मीटरचा आकडा न्यूझीलंडचा राष्ट्रीय विक्रम म्हणून साठ वर्षांहून अधिक काळ टिकला. वखरलेल्या वावरात चुन्याची रेघ मारून पळालेल्या आपल्यासारख्यांना त्या गवताचे मोल जरा जास्त कळते.

१९६५ मध्ये तो निवृत्त झाला आणि न्यूझीलंडमध्येच एका सिगारेट कंपनीच्या क्रीडाप्रसाराच्या नोकरीत रमला. (धावपटूला तंबाखूवाल्यांनीच पोसावे, हे आपल्या तालुक्यातल्या खर्रा खाणाऱ्या मंडळींना फार आवडेल.) तिथेच आयुष्य निघून गेले असते. पण तिशी उलटल्यावर तो अमेरिकेत गेला आणि आपल्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलांच्या बाकावर बसून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतून बी. एस. झाला. पुढे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातून त्याने व्यायाम-शरीरक्रियाशास्त्रात पीएच. डी. मिळवली आणि १९८१ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, डॅलसच्या टेक्सास साउथवेस्टर्न वैद्यकीय केंद्रात संशोधक म्हणून रुजू झाला.

त्याला छळणारा प्रश्न त्याच्या स्वतःच्या पायांचा होता. लिडियार्डची पद्धत लागू पडत होती, पण ती का लागू पडते याचे पटणारे उत्तर खुद्द लिडियार्डलाही देता येत नव्हते. उत्तर आपल्याच विषयात, जीवरसायनात होते. स्नायूंत मंद आणि जलद असे दोन प्रकारचे तंतू असतात, हे तू बी. एस्सी.ला शिकला आहेस. सावकाश पळताना शरीर मंद तंतूंकडून काम घेते. दीड-दोन तासांनी त्यांच्यातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपत आला की गती तीच ठेवण्यासाठी जलद तंतूंना कामाला जुंपावे लागते. एरवी केवळ सुसाट पळताना जागे होणारे हे तंतू अशा वेळी प्राणवायूच्या आधाराने, बेताबेताने राबायला शिकतात, आणि त्यांच्यातल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया), म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, वाढतात. शर्यतीच्या शेवटी बाकीच्यांचे पाय जड होत असताना स्नेलला उसळी घेता येई, तिचे मूळ रविवारच्या त्या फेऱ्यात होते, असा त्याचा उलगडा होता.

हे वाचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मला यवतमाळची ती जिल्हा स्पर्धा आठवली. सातशे मीटरपर्यंत तू पहिला होतास. मग तुझी मान मागे गेली, खांदे कानांपर्यंत चढले आणि चार मुले तुला ओलांडून गेली. सर म्हणाले, "पोरात जिगर नाही." आपण दोघांनीही ते खरे मानले, आणि तू तर बहुधा अजून मानतोस. अरे, आपल्याला रोज चारशे-चारशेच्या फेऱ्या जीव तोडून मारायला लावत होते. सलग तासभर पळण्याचा सराव एक दिवससुद्धा झाला नव्हता. त्या शंभर मीटरमध्ये तुझी जिगर कमी पडली नाही, तुझ्या स्नायूंत पायाच घातलेला नव्हता.

आता इथली गंमत सांगतो. कालव्याच्या रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीची पोरे पळतात. त्यांचे १६०० मीटर म्हणजे स्नेलच्या मैलापेक्षा जेमतेम नऊ मीटर कमी, आणि तयारी म्हणजे रोज तेवढेच अंतर घड्याळ लावून फुफ्फुस फाटेस्तोवर पळणे. निम्म्यांच्या नडग्या दुखतात. सप्टेंबरात मी सात जणांना म्हटले की तीन महिने घड्याळ घरी ठेवा आणि गप्पा मारता येतील इतके सावकाश तासभर पळा. एक जण म्हणाला, "सर, असं हळूहळू पयून भरती होते का जी?" तिघे आठवडाभरात पळाले, म्हणजे माझ्यापासून पळाले. चौघे टिकले आहेत. काल त्यांच्या मागे सायकलने गेलो होतो. दोन्ही बाजूंना बोंडे फुटलेली पऱ्हाटी होती आणि ते सोयाबीनच्या भावावर बोलत बारा किलोमीटर पळाले. वेळेत फरक पडला की नाही, ते डिसेंबरात कळेल.

स्नेल उतारवयातही नकाशा घेऊन रानात धावण्याच्या स्पर्धांत उतरे आणि ज्येष्ठांच्या गटात अमेरिकेचा विजेता झाला. १२ डिसेंबर २०१९ रोजी, एक्याऐंशी पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी असताना, तो डॅलसला वारला.

अमरावतीच्या प्रवेशाची तारीख तू बघून ठेव. शिफारसपत्र मी लिहून ठेवले आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पोरांची चाचणी घेणार आहे, तेव्हा आदल्या रात्रीच्या एसटीने ये. वहिनींनाही आण, आई तिला आठवडाभर तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी खाऊ घालायचे म्हणते आहे. आणि तुझ्याकडचे ते निळ्या दोरीचे स्टॉपवॉच सेल बदलून घेऊन ये, माझ्या मोबाइलवर पोरांचा विश्वास नाही.

तुझा,
विनायक